आधी ठिपके, मग ग्राफ

गेट लॅबचा, म्हणजे चाल मोजणाऱ्या प्रयोगशाळेचा, रिपोर्ट हातात पडला की पालक थेट ग्राफचं पान उघडतात. खुबा, गुडघा, घोटा, प्रत्येकाची एक नागमोडी रेघ आणि तिच्या मागे राखाडी पट्टा. पट्टा म्हणजे निरोगी मुलांची चाल. रेघ पट्ट्याबाहेर गेली की आईचा चेहरा उतरतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी होणं) असलेल्या मुलांच्या चालीचा अभ्यास हे माझं रोजचं काम. पण ग्राफ मी सगळ्यात शेवटी बघते. आधी मूळ फाइल उघडते आणि त्या मुलाला पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात चार-पाच वेळा चालवून बघते. पुढून, बाजूनं, वरून. ठिपके नीट चालले, तर मग ग्राफ.

शिकायला येणाऱ्या पोरांना ही माझी खोड वाटते. बटण दाबलं की सॉफ्टवेअर तयार रिपोर्ट देतं, मग ठिपके कशाला बघत बसायचे? याचं उत्तर द्यायचं तर हे ठिपके येतात कुठून, इथून सुरुवात करावी लागेल.

मुलाला आखूड चड्डीवर उभं करायचं आणि अंगावर ठरलेल्या जागी मार्कर चिकटवायचे. मार्कर म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढी गोळी. रस्त्यावरच्या पाट्यांना किंवा ट्रॅफिक पोलिसाच्या जॅकेटला जो चमकणारा पट्टा असतो, त्याच जातीचं आवरण तिच्यावर असतं. उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवायचा, हा त्याचा गुण. खोलीत भिंतीला लावलेले आठ-दहा कॅमेरे स्वतःच इन्फ्रारेड उजेड फेकतात आणि परत आलेली चमक टिपतात. त्यांना मूल दिसतच नाही, फक्त गोळ्या दिसतात.

एका कॅमेऱ्याला एवढंच कळतं की गोळी अमुक दिशेला आहे. किती लांब आहे ते नाही कळत. संक्रांतीला दोन वेगवेगळ्या गच्च्यांवरून दोघं जण एकाच पतंगाकडे बोट दाखवत असतील, तर दोन्ही बोटांच्या रेघा जिथे मिळतील तिथे पतंग. हिशोब तोच. म्हणून प्रत्येक गोळी कायम किमान दोन कॅमेऱ्यांना दिसावी लागते. मुलाचा हात मध्ये आला, गोळी एकाच कॅमेऱ्याला दिसली, की तेवढ्यापुरती ती हरवली.

कॅमेरे सेकंदाला साधारण १०० चित्रं घेतात. जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेट पाऊल किती जोरानं आणि कुठल्या दिशेनं टेकलं ते सेकंदाला १००० वेळा मोजतात. स्नायूवर ईएमजीचे, म्हणजे स्नायूतले विजेचे संकेत टिपणारे, इलेक्ट्रोड असले तर त्यांचीही तेवढीच घाई. आता हिशोब करा. कमरेपासून खालच्या नेहमीच्या पद्धतीत १६ मार्कर असतात. प्रत्येकाचे तीन आकडे, सेकंदाला १०० वेळा, चाल १० सेकंदांची: झाले ४८,०००. दोन फोर्स प्लेट, प्रत्येकीचे सहा चॅनेल: १,२०,०००. आठ स्नायूंचा ईएमजी: ८०,०००. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी आणि अडीच लाख आकडे.

जर्मनीत लाइपझिगला १८९१ मध्ये विल्हेल्म ब्राऊन आणि ऑटो फिशर यांनी हेच काम हातानं केलं होतं. एक शरीररचनेचा जाणकार, दुसरा गणिती. सैनिकाच्या हातापायांना त्यांनी विजेवर चमकणाऱ्या, वायू भरलेल्या गीसलर नळ्या बांधल्या, अंधार हवा म्हणून रात्रीच्या वेळी त्याला चालवलं आणि अनेक कॅमेऱ्यांनी फोटो घेतले. ब्राऊन पुढच्याच वर्षी वारला. फिशर मात्र त्या मोजक्या पावलांची आकडेमोड करून ती पुढे कित्येक वर्षं छापत राहिला. माणसाच्या चालीचा तीन मितींतला पहिला खरा हिशोब तोच. आमच्या लॅबमध्ये चहा गाळेपर्यंत तेवढं होतं, म्हणून की काय, फिशरला आकड्यांचा वाटणारा धाक आमच्यात उरलेला नाही.

हे अडीच लाख आकडे एका फाइलमध्ये बसतात. तिचं नाव सी-थ्री-डी. १९८० च्या दशकात अँड्र्यू डेनिस यांनी ही मांडणी आखली, आणि कॅमेरे कुठल्याही कंपनीचे असोत, आजही बायोमेकॅनिक्समध्ये (शरीराच्या हालचालींच्या यंत्रशास्त्रात) देवाणघेवाण बहुतेक हिच्यातूनच चालते. हिचा मोठा गुण म्हणजे आकड्यांबरोबर त्यांची ओळखही आत असते. मार्करची नावं, मोजमाप मिलिमीटरमध्ये की मीटरमध्ये, सेकंदाला किती चित्रं, फोर्स प्लेटचे कोपरे खोलीत कुठे आहेत, टाच कितव्या क्षणी टेकली. नुसत्या एक्सेलच्या तक्त्यात यातलं काही नसतं. सहा महिन्यांनी तो तक्ता उघडला की सातवा रकाना गुडघ्याचा की घोट्याचा, हे ज्यानं केला त्यालाही आठवत नाही.

जुन्या काळच्या खुणा मात्र या फाइलच्या अंगावर आहेत. ती ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत कापलेली असते. मूळ रचनेत चित्रांची संख्या ६५,५३५ च्या पुढे जाऊ शकत नव्हती, कारण त्या आकड्यासाठी ठेवलेली जागाच तेवढी. सेकंदाला १०० चित्रांच्या हिशोबानं ही अकरा मिनिटंसुद्धा होत नाहीत. चालीसाठी ठीक, पण ट्रेडमिलवर अर्धा तास पळणाऱ्या माणसाला अपुरी. नंतर त्यावर पळवाटा निघाल्या.

आणखी एक बारकावा नवख्यांना हमखास गोत्यात आणतो. प्रत्येक बिंदूबरोबर एक चौथा आकडा असतो, कॅमेऱ्यांच्या रेघा एकमेकींना किती जवळून गेल्या ते सांगणारा. तो वजा एक असेल तर अर्थ असा, की या क्षणी गोळी दिसलीच नाही, जागेचे आकडे धरू नका. पण तिथे बऱ्याचदा शून्य, शून्य, शून्य लिहिलेलं असतं. एका हुशार विद्यार्थ्यानं स्वतःच प्रोग्राम लिहून फाइल वाचली आणि तो चौथा आकडा सोडून दिला. पडद्यावर बघतो तर पोरगं छान चालतंय आणि मधेच त्याचा डावा घोटा खोलीच्या शून्य बिंदूपाशी उडी मारून परत येतोय. चित्र बघितलं म्हणून हसण्यावारी गेलं. त्यानं थेट सरासरी काढली असती तर ते शून्य आत मुरलं असतं आणि कुणाला पत्ता लागला नसता.

अशी फाइल उघडून बघण्यासाठी मी बरीच वर्षं मोक्का वापरलं. नावावरून हसू नका, आपल्याकडच्या कायद्याशी त्याचा काही संबंध नाही. मोशन, कायनेमॅटिक, कायनेटिक आणि अ‍ॅनालायझर या शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. आर्नो बारे यांनी ते बीटीके (बायोमेकॅनिकल टूलकिट) या मुक्त सॉफ्टवेअर संचावर उभं केलं, आणि बारे आणि स्टेफान आर्मां यांनी २०१४ मध्ये त्या संचावर शोधनिबंधही लिहिला. फुकट मिळतं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. आता जुनं झालंय, तरी शिकवायला मला अजून तेच सोपं वाटतं.

त्यात काय दिसतं? काळी खोली, जमिनीवर फोर्स प्लेटचे चौकोन आणि ठिपके. ठिपक्यांना रेघांनी जोडलं की पाय उभे राहतात. खाली एक पट्टी, ती सरकवली की चाल पुढेमागे होते. माउस धरून खोली फिरवता येते. एखाद्या ठिपक्याचं नाव ओढून ग्राफच्या चौकटीत टाकलं की त्याची रेघ उमटते. पाऊल प्लेटवर आलं की जमिनीतून एक बाण वर येतो, जमीन पायाला किती उलट ढकलते ते दाखवणारा. बस, एवढंच. मोठमोठी गणितं करायची तर व्हिज्युअल-थ्री-डी आहे, ते विकत घ्यावं लागतं. स्नायूंचा अंदाज हवा असेल तर स्टॅनफर्डचं ओपनसिम आहे, फुकट आहे, पण शिकताना घाम काढतं. मैदानावर नुसत्या व्हिडिओवर कोन मोजायचे असले तर किनोव्हिया पुरतं, फक्त कॅमेरा हालचालीला काटकोनात ठेवायला हवा. तिरका ठेवला तर कोन खोटाच येणार.

आता ठिपक्यांतून कोन कसा निघतो ते बघू, कारण सगळी गोम तिथे आहे. गुडघ्याला दरवाजाची बिजागरी समजा. मांडी म्हणजे चौकट, पिंढरी म्हणजे दार. दार किती उघडलं हे सांगायचं तर आधी बिजागरीची दांडी कुठल्या दिशेनं आहे ते माहीत हवं. पण गुडघ्याची दांडी आत, हाडात. कॅमेऱ्याला ती दिसत नाही. म्हणून सॉफ्टवेअर तीन गोष्टींवरून तिचा अंदाज बांधतं: खुब्याच्या सांध्याचा मध्य, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची गोळी आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूची गोळी. त्यातला खुब्याचा मध्यही अंदाजच, कमरेवरच्या गोळ्या आणि पायाची लांबी यांवरून काढलेला. या तिघांतून जाणारी एक सपाट पातळी (प्रतल) धरायची आणि दांडी त्या पातळीत आहे असं मानायचं.

म्हणजे मांडीवरची ती एक गोळी पुढे-मागे झाली, की पातळी फिरली, दांडी फिरली.

हे माझ्या हातून झालंय. दहा वर्षांचा मुलगा, दोन्ही पाय थोडे आत वळवून चालणारा, अखंड बडबड्या. गोळ्या लावताना एका जागी ठरेना. सहा फेऱ्या झाल्या, रिपोर्ट निघाला. डाव्या खुब्याची रेघ सांगत होती की मांडी उजवीपेक्षा १५ अंश जास्त आत वळलेली आहे. हा आकडा साधा नाही. मांडीचं हाड कापून फिरवायचं का आणि किती, हे ठरवताना सर्जन जे बघतात त्यात हा आकडा असतो.

पण त्याच पानावर दुसरी एक रेघ खटकली. पाय हवेत असताना डावा गुडघा बाजूला, धनुष्यासारखा बाहेर, १२-१३ अंश वाकताना दिसत होता. गुडघा असा वाकत नाही हो. हवेत असलेल्या, भार नसलेल्या पायाचा तर नाहीच. आणि मजा म्हणजे पाय जसजसा मागे मुडपत होता तसतसा हा बाजूचा कोन वाढत होता, पाय सरळ झाला की शून्यावर. दोन्ही रेघा एकीमागून एक, सख्ख्या बहिणींसारख्या.

फाइल उघडली. वरून बघितलं. उजव्या मांडीवरची गोळी बरोबर बाजूला होती. डावीकडची पुढे आलेली, दीडेक सेंटिमीटर. व्हिडिओ लावला तर उलगडा झाला: दुसऱ्या फेरीच्या आधी साहेबांनी चड्डी वर ओढली होती आणि काठानं गोळी पुढे ढकलली होती. एवढ्या मुलाच्या बारीक मांडीवर गोळी हाडाच्या मधल्या रेघेपासून जेमतेम सहा सेंटिमीटर लांब असते. तिथे दीड सेंटिमीटर म्हणजे सुमारे १५ अंश झाले. सॉफ्टवेअरला वाटलं, मांडीच आत वळली. दार सरळच उघडत होतं. बिजागरी तिरकी आहे असं आम्ही सांगितल्यामुळे त्याला दार उघडता उघडता बाजूलाही जाताना दिसत होतं. गुडघा ६० अंश मुडपला की त्यातले १२-१३ अंश चुकीच्या खात्यावर जमा. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. त्यानं दिलेल्या आकड्यांचं गणित अचूक केलं होतं.

गोळी जागेवर असली तरी कातडी हाडावरून सरकते, ते वेगळंच. मांडीवर तर हे सरकणं सेंटिमीटरच्या वर जाऊ शकतं. त्यावर पूर्ण इलाज अजून कुणाकडे नाही, म्हणून दोन-तीन अंशांच्या फरकावरून कुणी छातीठोक निदान सांगू लागलं की मी चष्मा काढून त्याच्याकडे बघते.

दुसरी गफलत थरथरीची. कॅमेरा कितीही चांगला असला तरी ठिपका जागच्या जागी किंचित हलतो. समजा एका चित्रात तो फक्त एक मिलिमीटर चुकला. डोळ्याला काहीच कळणार नाही. पण त्यावरून वेग काढला आणि वेगावरून प्रवेग काढला, तर दर वेळी एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं भागावं लागतं. कागदावर करून बघा: चुकीच्या चित्रात जागेचा फरक जाता एक मिलिमीटर आणि येता एक मिलिमीटर, मिळून दोन, त्याला ०.०१ च्या वर्गानं भागा. उत्तर २० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट! मुलगा शांतपणे चालतोय आणि आकडे म्हणतात त्याचा घोटा तोफेच्या गोळ्यासारखा झटका खातोय. म्हणून आधी रेघ गाळून घ्यावी लागते. चालीसाठी ६ हर्ट्झच्या आसपासचा बटरवर्थ फिल्टर, म्हणजे सेकंदाला सहापेक्षा जलद होणारी थरथर काढून टाकणारी गाळणी, लावायची जुनी रीत आहे. ही गाळणी फार बारीक घेतली तर टाच आपटण्याचा खरा धक्काही गाळून जातो. पळण्याच्या, उडीच्या फाइलला चालीची गाळणी लावलेली मी पाहिली आहे. रेघा दिसायला रेशमासारख्या होत्या आणि कामाच्या काहीच नव्हत्या.

फोर्स प्लेटचा बाण तपासायला तर मला दहा सेकंद पुरतात. निरोगी चालीत या जोराला उंटाच्या पाठीसारखी दोन वशिंडं असतात: पाय भार घेताना एक, जमीन मागे ढकलताना दुसरं, दोन्ही वजनापेक्षा थोडी वर आणि मधली खोलगट वजनापेक्षा खाली. तो आकार बघून मी पुढे जाते. बघायचं ते बाणाचं बूड. ते तळव्याखालूनच निघायला हवं. एकदा ते पावलाच्या शेजारून, रिकाम्या जमिनीतून निघताना दिसलं. कॅमेऱ्यांनी मोजलेल्या जागा आणि प्लेटनं मोजलेल्या जागा यांचा मेळ दोन सेंटिमीटरनं चुकला होता. ६५० न्यूटनचा जोर आणि दोन सेंटिमीटरची चूक म्हणजे १३ न्यूटन-मीटरचा खोटा मोमेंट, म्हणजे सांध्याला फिरवू बघणारा जोर. चालताना गुडघ्यावर जो खरा मोमेंट येतो तोच मुळात दोन आकडी न्यूटन-मीटरचा. इतकी चूक, आणि ग्राफवर रेघ फक्त थोडी वर सरकलेली. संशय यावा असं तिच्यात काही नाही.

क्रिकेटवाल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. संशयास्पद गोलंदाजाची चाचणी याच कॅमेऱ्यांनी, याच गोळ्यांनी होते. आयसीसीची मर्यादा १५ अंशांची. कट्ट्यावर मात्र अजून वाद चालतो तो हात वाकडा होता की नव्हता याचा. वाकडा हात चालतो. दंड आडवा झाल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती अंश सरळ झालं, ते मोजतात. मुरलीधरनचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नव्हतं, त्यामुळे साध्या व्हिडिओत एका बाजूनं बघणाऱ्याला ते भलतंच दिसायचं. खांदा फिरत असताना दोन मितींतल्या चित्रावरून कोपराचा कोन सांगणं म्हणजे सावली बघून खांबाची उंची ठरवणं. आणि इथेही दंडावरच्या, मनगटावरच्या गोळ्यांवरून बिजागरीच शोधायची असते, त्यामुळे माझ्या मांडीच्या गोळीची गोष्ट तिथेही जशीच्या तशी लागू.

अलीकडे गोळ्याच नकोत, अशीही सोय झाली आहे. स्टॅनफर्डच्या ओपनकॅपमध्ये दोन फोन ट्रायपॉडवर लावले की कॉम्प्युटर व्हिडिओतून सांध्यांच्या जागा स्वतः ओळखतो आणि पुढचा हिशोब ओपनसिमच्या नमुन्यावर करतो. जिथे लॅब परवडणार नाही तिथे हे मोठंच काम आहे. शस्त्रक्रिया ठरवायला मी आज ते वापरणार नाही. शिवाय गोळी सरकली तर व्हिडिओत सापडते. कॉम्प्युटरनं खुबा जरा आत धरला तर तो कुठल्या व्हिडिओत शोधायचा?

त्या मुलाला आम्ही पुन्हा बोलावलं. चड्डीचा काठ या वेळी चिकटपट्टीनं वर बांधला. खुब्याची डावी रेघ उजवीच्या शेजारी येऊन बसली आणि गुडघ्याचं धनुष्य गायब झालं. दोन्ही मांड्या थोड्या आत वळतात, तेवढ्या वळतातच. ते खरं होतं.

काम संपल्यावर त्याला पडद्यासमोर बसवून त्याची चाल दाखवली. काळ्या खोलीत पाय आले, कंबर आली. तो बराच वेळ बघत राहिला.

"ताई, माझं डोकं कुठंय?"

डोक्याला गोळ्या लावत नाहीत, कमरेखालचंच मोजतो, असं सांगितलं. त्याला ते काही पटलं नाही. मग एक जादा गोळी त्याच्या टोपीच्या शेंड्यावर लावली आणि अजून एक फेरी घेतली. ती फाइल माझ्याकडे आहे. सोळा ठिपके शहाण्यासारखे चालताहेत आणि वर, कशालाच न जोडलेला, नाव नसलेला सतरावा ठिपका उड्या मारत चाललाय.